क्रियापद धरणाऱ्या बाई

कोणी बोलायला लागलं की बाईंचा उजवा हात आपोआप पुढे यायचा. बोटं अर्धवट मिटलेली, खुराड्यातून निसटलेली कोंबडी धरायला माणूस हात करतो तसा. आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्या म्हणायच्या, "क्रियापद कुठाय? आधी ते धर. बाकीचे कुठं पळून जात नाय."

हे त्या वर्गात म्हणायच्या, शिक्षकांच्या खोलीत म्हणायच्या, आणि एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही म्हणाल्या. तो दारात उभा राहून "मुरबाड, मुरबाड, मुरबाड" ओरडत होता. बाईंनी विचारलं, "मुरबाड काय? आलं, जाणार, की राहिलं?" तो "जाणार" म्हणाला आणि तिकिटं फाडताना बराच वेळ स्वतःशीच हसत होता.

शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हायस्कुलात मी लिपिक आहे. माझं टेबल व्हरांड्यात, आठवीच्या वर्गाच्या खिडकीला लागून. त्या खिडकीला एक झडप नाही. त्यामुळे सोळा वर्षं बाईंचं इंग्रजी व्याकरण हजेरीपटाच्या आणि दाखल्यांच्या जोडीने माझ्या कानावर पडत राहिलं. वर्गातली पोरं दरवर्षी पुढे जायची. मी मात्र सोळा वर्षं आठवीतच होतो.

बाई बुटक्या, सावळ्या, आवाज खणखणीत. त्यांचं माहेर धसईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी, खाली थोडं भात. बोलणं तिकडचंच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गातून बाहेर पडताना त्यांना टोकलं, "मॅडम, तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका, आणि 'नाय' काय म्हणता?"

"साहेब, इंग्रजीत नॉट म्हणते, घरी नाय म्हणते," बाई म्हणाल्या. "दोन्ही कामाला येतात."

साहेबांनी शेऱ्यात 'अध्यापन प्रभावी' असं लिहिलं. ते पत्र मीच फाइलला लावलं.

इंग्रजी त्यांना शाळेने शिकवलं नव्हतं असं त्या उघड सांगायच्या. त्यांच्या लहानपणी घरात एकच इंग्रजी येत असे, ते औषधांच्या बाटल्यांवरून आणि बियाण्यांच्या पिशव्यांवरून. शेक वेल. कीप अवे. डू नॉट ओपन. स्टोअर इन अ ड्राय प्लेस. वडिलांना वाचता येत नसे. फवारणीच्या औषधावर काय लिहिलंय ते पोरीने सांगावं म्हणून ते बाटली तिच्यापुढे धरत. "तिथं मला पहिल्यांदा कळलं," बाई म्हणायच्या, "बाटलीवर नुसती क्रियापदंच असतात. हलव, ठेव, उघडू नको. तेवढं समजलं तर माणूस मरत नाय."

पोरांना त्या भाषा शिकवायच्या ती अशीच, आधी मराठीतून. 'गो'चं 'वेंट' कसं झालं म्हणून एका मुलीने कुरकुर केली. बाई म्हणाल्या, "आणि 'जा'चं 'गेला' कसं झालं गो? 'ज' कुठं गेला? तू दोन वर्षांची असताना 'जाला' म्हणायचीस, आईने दुरुस्त केलं. आता मी करते."

दुसऱ्या एका दिवशी फळ्यावर त्यांनी लिहिलं: आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले. मग त्याखाली तीनदा 'एट'. "बघा, आपलं क्रियापद ताटात काय आहे ते वाकून बघतं. इंग्रजीचं नाय बघत. आंबा असो नाहीतर भाकरी, एट म्हणजे एट." शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, आणि तो जातो, ती जाते, दोघांना गोजच ना?" बाई म्हणाल्या, "गोजच." "मग इंग्रजी बरी आहे," असं म्हणून ती खाली बसली. बाई त्या दिवशी मधल्या सुट्टीत मला ते सांगताना इतक्या हसल्या की त्यांच्या डब्यातली भाजी सांडली.

न बदलणारी क्रियापदं पोरांची विशेष लाडकी. कट-कट-कट, हिट-हिट-हिट, आणि सगळ्यांत वरचा नंबर पुट-पुट-पुटचा. शाळेमागच्या शेतात पॉवर टिलर सुरू झाला की आख्खी आठवी त्याच्या तालावर "पुट पुट पुट" करायची. मुख्याध्यापक चिडून बाहेर यायचे. बाई शांतपणे सांगायच्या, "सर, रिव्हिजन चालू आहे."

त्यांना सगळंच येत होतं असं नाही. अ, अॅन आणि द यांच्यापुढे त्यांनी कायम हात टेकले. "ते पाहुणे आहेत," म्हणायच्या. "कधी येतात, कधी जातात, मला अजून कळलेलं नाय." आणि 'वर्ब' हा शब्द त्या शेवटपर्यंत 'व्हरब' असा उच्चारायच्या. रागही चटकन यायचा. मराठीच्या सरांशी त्यांचं एकदा 'आहे' हे क्रियापद गाळावं की नाही यावरून जुंपलं, ते दोघं आठवडाभर एका बाकावर बसून जेवले पण बोलले नाहीत.

माझ्या पत्रांनाही त्या सोडत नसत. वरच्या कार्यालयाला जाणारी काही पत्रं इंग्रजीत असायची आणि प्रत्येकाच्या शेवटी मी 'काइंडली डू द नीडफुल' असं लिहीत असे. माझ्या आधीच्या लिपिकाने लिहिलं होतं, म्हणून मीही लिहीत होतो. बाईंनी एक पत्र उचललं, वाचलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, यांनी करायचं काय?"

"नीडफुल."

"म्हणजे काय?"

मी आधीच्या लिपिकाची फाइल उघडायला गेलो. त्या म्हणाल्या, "डू आहे, पण काम नाय. म्हणून तर छप्पर गळतंय तीन वर्षं. लिहा, छप्पर दुरुस्त करा." मी लिहिलं. छप्पर लगेच दुरुस्त झालं असं नाही, पण 'कोणतं छप्पर?' असं विचारणारं उत्तर तेवढं आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात मी फारसा शोभून दिसत नाही. पण बाईंबद्दल सांगायचं तर ती टाळून चालणार नाही.

आमच्या शाळेत सखूमावशी शिपाई होत्या. घंटा देणं, पाणी भरणं, वर्ग झाडणं. त्यांचा मुलगा गणेश वाशिंदजवळच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर कामाला होता. रोज सकाळी माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने जायचा. पंचविशी उलटलेली, नुकतं लग्न झालेलं. एके दिवशी त्याचा उजवा हात मशीनमध्ये सापडला. दोन बोटं गेली.

तीन आठवड्यांनी, मधल्या सुट्टीत, मावशी त्याला घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. हाताला जाडजूड बँडेज. डाव्या हातात एक कागद.

"भाऊ, कंपनीने दिलाय," मावशी म्हणाल्या. "सही करून आण बोलले. इंग्लिशमधी हाय. आमाला काय समजतंय? तुमी वाचा."

मी कागद वाचला. अपघाताचा अहवाल होता. चांगल्या कागदावर, सुरेख टाइप केलेला. शब्द सगळे मला येत होते. तारीख बरोबर, नाव बरोबर, हात उजवा लिहिला होता. मी म्हणालो, "मावशी, काय झालं ते लिहिलंय फक्त. बरोबर आहे. करू दे सही." आणि माझं पेनही मी पुढे केलं.

गणेशने डाव्या हातात पेन धरलं. बाई हात धुऊन नळावरून येत होत्या, त्या थांबल्या. "काय रे गणेश, बघू," म्हणाल्या. गणेश त्यांचाच विद्यार्थी. दहावीला इंग्रजीने त्याला दोनदा बसवलं होतं.

त्यांनी कागद घेतला, माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि उभ्या उभ्या तीन गोल काढले. मग कागद गणेशपुढे ठेवला.

"वाच. गोल केलंय तेवढंच."

गणेश अडखळत वाचू लागला. "वॉज रिमूव्ह्ड. वॉज स्टार्टेड. पुट."

"कोणी काय केलं ते सांग आता. सेफ्टी कव्हर वॉज रिमूव्ह्ड. कोणी काढलं?"

"नाय लिवलं."

"मशीन वॉज स्टार्टेड. कोणी चालू केली?"

"ते पण नाय."

"आणि हात आत कोणी घातला?"

गणेशने पुढचं वाचलं. द वर्कर पुट हिज हँड इनसाइड अँड इंजर्ड हिमसेल्फ. त्याने पेनाचं टोक त्या ओळीवर ठेवलं. "मी," तो म्हणाला. "इथं मी हाय."

"दोन कामांचे कर्ते पळालेत," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या कामाचा तेवढा उभा केलाय. कव्हर आपोआप निघालं, मशीन आपोआप चालू झाली, आणि तू जाऊन हात घातलास. असं झालं का?"

"नाय बाई!" गणेशचा आवाज चढला. "कव्हर सुपरवायझरने काढायला लावलं. टाइम जातो म्हणून. आत पीस अडकला होता, तो मी काढत होतो. त्यांनी त्या बाजूने बटण दाबलं."

"मग असंच सांग. इंग्रजीत."

"मला कुठं येतंय?"

"मी शिकवलंय तुला. वॉज आणि व्हेन."

आठवीत त्या हे वाक्य शिकवत तेव्हा मी खिडकीतून दरवर्षी ऐकायचो. एक लांब काम आधीपासून चाललेलं असतं, आणि मध्येच एक आखूड काम येऊन पडतं. लांब कामाला वॉज लावा आणि आयएनजी जोडा. आखूड कामाला साधा भूतकाळ. गणेशने त्या वर्षी परीक्षेत 'आय वॉज ईटिंग व्हेन आय एट' असं लिहिलं होतं, आणि ते वाक्य पुढे कित्येक दिवस शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर फिरत होतं.

गणेश डोळे मिटून उभा राहिला. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. व्हरांड्यात पोरं दंगा करत होती, त्यातली चार-पाच गप्प होऊन जवळ आली.

"आय वॉज..." गणेश म्हणाला. "आय वॉज टेकिंग आउट द पीस... व्हेन... ही स्टार्टेड द मशीन."

 बाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी टाइप करायला बसलो. गणेश सांगत गेला, चुकला की बाई थांबवायच्या, पण शब्द स्वतः द्यायच्या नाहीत. घंटेची वेळ होऊन गेली. घंटा द्यायच्या त्या मावशीच इथे उभ्या होत्या, म्हणून त्या दिवशी मधली सुट्टी चाळीस मिनिटं जास्त चालली. मुख्याध्यापकही येऊन मागे उभे राहिले आणि घड्याळाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चौघं वाशिंदला गेलो. कारखान्याच्या ऑफिसात एक तरुण अधिकारी होता. स्वभावाने वाईट नव्हता. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि गणेशचा टाइप केलेला कागद बघितल्यावर इंग्रजीत बोलायला लागला. माझी गाळण उडाली. बाई मात्र त्याच इंग्रजीत, पण धसईच्या चालीने, एकेक शब्द ठेवत बोलल्या.

"हू रिमूव्ह्ड द कव्हर?"

"इट वॉज रिमूव्ह्ड, मॅडम."

"बाय हूम?"

त्याने कागद उलटून बघितला. "बाय... समवन."

बाई मराठीवर आल्या. "हे समवन कुठल्या शिफ्टला येतात?"

पलीकडच्या टेबलावरची मुलगी फाइलमागे तोंड लपवून हसली. अधिकाऱ्यालाही हसू आवरेना. त्याने हातातला कागद खाली ठेवला आणि सुपरवायझरला बोलावून घेतलं.

मला वाटलं होतं, कोणी दांडगा, मिशीवाला माणूस येईल. आला तो बारीकसा, संसारी माणूस, खिशाला दोन पेनं. दारातच त्याने गणेशचा हात बघितला. "कसा आहेस?" म्हणाला. गणेश "बरा" म्हणाला.  मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"साहेब," तो माणूस अधिकाऱ्याला म्हणाला, "कव्हर मीच काढायला लावलं. माल त्याच दिवशी जायचा होता. बटण पण मीच दाबलं. याचा हात आत आहे हे मी बघितलं नाय." 

मला वाटलं, आता बाई कडाडणार. पण त्या वळल्या अधिकाऱ्याकडे. "यांचंही वाक्य पूर्ण लिहून घ्या," म्हणाल्या. "माल त्याच दिवशी हवा, हे यांना कोण बोललं? तो कर्ता पण लिहा. नायतर आता सगळं यांच्या एकट्याच्या डोक्यावर येईल."

सुपरवायझरने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ तो कोणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हता.

एका दिवसात काही झालं नाही. आणखी दोन खेपा झाल्या, एक वरचे साहेब भेटले, एकदा नुसतंच बसून परत आलो. पण शेवटी अहवाल नवा झाला, आणि त्यात प्रत्येक कामाला माणूस होता. गणेशची नोकरी राहिली. हात बरा झाल्यावर त्याला स्टोअरमध्ये घेतलं. तिथे तो आता मालाच्या नोंदी डाव्या हाताने लिहितो, अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे असं त्याची बायको सांगते. कव्हर नसेल तर ते मशीन चालूच होत नाही अशी सोयही त्यांनी करून घेतली. सुपरवायझरही कामावर राहिला.

पहिल्या खेपेहून परत येताना जीपमध्ये मी आणि बाई मागे बसलो होतो. बाईंच्या मांडीवर उकडलेल्या शेंगांची पुडी. त्यांनी चार-पाच शेंगा सोलून खाल्ल्या. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्हाला त्या कागदातले सगळे शब्द येत होते."

"हो," मी म्हणालो.

"मग?"

 मी पेनसुद्धा पुढे केलं होतं. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, पुडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "शेंगा घ्या. गरम आहेत तोवर." पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. काढला असता तर मला हलकं वाटलं असतं.

ही गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागणार? मधल्या सुट्टीत माणसं कागद घेऊन यायला लागली. दवाखान्याचे कागद, नोटिसा, मोबाइलवरचे मेसेज. बाई कोणालाही वाचून दाखवत नसत. शेजारी बसवायच्या, पेन्सिल हातात द्यायच्या आणि क्रियापद शोधायला लावायच्या. सत्तरीचे एक आजोबा कधी शाळेत न गेलेले, त्यांना बाईंनी 'आहे' आणि 'होतं' यांच्या इंग्रजी आकृत्या ओळखायला शिकवलं होतं. ते अभिमानाने कोणत्याही पाटीवर इज शोधत फिरायचे.

एकदा डोंगरावरच्या पाड्यातला एक बाप धावतच आला. मुलीच्या मोबाइलवर इंग्रजीत काहीतरी आलं होतं आणि ती रडत होती. बाईंनी त्याला बसवलं, घाम पुसू दिला. मेसेज होता, यू हॅव बीन सिलेक्टेड. कल्याणला नर्सिंगसाठी. "इथं कर्ता नाय लिहिला तरी चालतंय," बाई म्हणाल्या. "निवडलंय तुमच्या पोरीला." तो माणूस उठला, परत बसला, आणि म्हणाला, "मंग ती रडते कशाला?" "जाऊन विचारा," बाई म्हणाल्या, "आणि पेढे आणा. आणा, हे क्रियापद आहे."

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभ होता. अध्यक्ष फार लांब बोलले. बाईंनी दोनच वाक्यं सांगितली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या चारच्या एसटीने मुरबाडला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आठवीच्या खिडकीतून नव्या सरांचा आवाज आला. सर चांगले आहेत. अ, अॅन, द त्यांना उत्तम येतं. मी मात्र चार दिवस टेबल खिडकीपासून थोडं बाजूला सरकवून काम केलं.

गेल्या आषाढात पेन्शनच्या कागदावर त्यांची एक सही राहिली होती, म्हणून मी धसईला गेलो; बाई आता माहेरच्या गावीच राहत होत्या. बाजारातून पुढे चालत त्यांच्या गावी पोचलो तर घराला कडी. शेजारणीने हाताने दाखवलं, आवणीला गेल्यात. बांधावरून खाली बघितलं तर दहा-बारा बायका चिखलात वाकून भात लावत होत्या. डोक्यावर प्लॅस्टिकची इरली, कासोटा मारलेला, गाणं चाललेलं.

"भाऊसाहेब!" त्यातली एक सरळ झाली. "चपला काढा, या खाली. कागद त्या दगडाखाली ठेवा."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलो. त्यांनी माझ्या हातात रोपांची एक मूठ दिली. तासभर मी लावणी केली. माझी ओळ पाहून बायका मोकळेपणाने हसत होत्या आणि मीही हसत होतो. शाळेबद्दल बाईंनी एक प्रश्न विचारला नाही. मग हात धुऊन त्यांनी बांधावर बसून सही केली, मला वाटीभर भात आणि सुकटीची चटणी खायला घातली, आणि म्हणाल्या, "आता जा. गाडी चुकेल."

गावावरून जाणारी गाडी वळणावर चढली तेव्हा मी खिडकीतून खाली पाहिलं. खाचरात सगळ्या जणी पुन्हा वाकल्या होत्या. दहा-बारा पाठी, सगळ्या सारख्या, एका ओळीत हळूहळू मागे सरकत होत्या. त्यातली बाईंची कुठली ते मला ओळखू येईना.